शाळेची हद्द आणि गरिबाचे मूल

नवी शाळा उघडली म्हणजे गावास आनंद होतो, आणि तो व्हावा हेच योग्य आहे. कोनशिला बसते, पुढाऱ्यांची भाषणे होतात, मुलांस खाऊ मिळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात इमारतीचे वर्णन येते. परंतु त्या इमारतीबरोबरच आणखी एक वस्तू उभी राहते व तिच्याकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही. ती वस्तू म्हणजे शाळेची हद्द. या शाळेत कोणत्या वस्तीची मुले यावयाची, कोणती मुले जुन्याच शाळेत राहावयाची, आणि ही शाळा निघाल्यामुळे दुसऱ्या कोणत्या शाळेचे दार कोणास बंद व्हावयाचे, याचा निर्णय समारंभातील भाषणांत सापडत नाही. तो कचेरीतील एखाद्या परिपत्रकात निजलेला असतो. त्या न दिसणाऱ्या रेघेविषयी आज आम्ही आमच्या अमरावती व अकोल्याच्या वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो.

अमेरिकेत सरकारी शाळेची हद्द बहुधा रस्त्यारस्त्याने आखलेली असते. घर बदलले की शाळा बदलते. आपल्याकडे तसा नकाशा नाही, आईबाप वाटेल त्या शाळेत मूल घालू शकतात, तेव्हा हा प्रश्न आपला नव्हेच, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्याच्या हाती फी भरावयास पैसा आहे त्यास हद्द नाही, हे खरे. त्याचे मूल मोटारीत बसून गावाच्या दुसऱ्या टोकास जाईल. परंतु ज्याच्या हाती पैसा नाही त्याची हद्द नियमाने आखली जाते. २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला. शेजार म्हणजे किती दूर, हे महाराष्ट्राच्या नियमांनी ठरविले: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. माध्यमिक शाळेसाठी केंद्र सरकारच्या माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरांचे माप धरले. याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांस असेही सांगितले की, प्रवेशाच्या वर्गातील किमान चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्यात. त्यांचा खर्च सरकार भरून देईल.

एक, तीन व पाच या आकड्यांचा मूळ अर्थ काय, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. ते बंधन सरकारवर घातलेले आहे. मुलाच्या घरापासून इतक्या अंतराच्या आत शाळा असलीच पाहिजे, ती नसल्यास सरकारने काढली पाहिजे, असा त्या आकड्यांचा हुकूम आहे. सरकारच्या पायात घातलेली ही बेडी जर कोणी हळूच काढून मुलाच्या पायात अडकवू लागला, तर आकडा तोच राहतो, कागदही तोच राहतो, पण न्यायाचा अन्याय होतो. नेमके हेच महाराष्ट्रात २०२४ साली घडले.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने आपल्या नियमांत एक दुरुस्ती प्रसिद्ध केली. तिचा मथितार्थ असा की, ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची अथवा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर चतुर्थांश जागांचे ओझे राहणार नाही. वरवर वाचता ही तरतूद मोठी शहाणपणाची वाटते. सरकारी शाळा हाकेच्या अंतरावर असता गरिबाच्या मुलास खाजगी शाळेत पाठवून सरकारने वर पैसे का भरावे? पण शहराचा नकाशा उघडून बघा. अमरावतीत काय, अकोल्यात काय, दाट वस्तीत अशी कोणती खाजगी शाळा आहे की जिच्या किलोमीटरभर परिघात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? तेव्हा अपवाद म्हणून लिहिलेली ही तरतूद शहरात नियमच होऊन बसणार होती.

आणि आता नव्या शाळेचा विचार करा. समजा, महापालिकेने एखाद्या मजूर वस्तीत मोठ्या हौसेने नवी शाळा काढली. वस्तीतील एखाद्या हमालाच्या मुलीस काल जवळच्या खाजगी शाळेत चतुर्थांशातील जागा मागता येत होती. नवी शाळा उघडताच तो मार्ग बंद! जी शाळा त्या मुलीसाठी म्हणून उघडली, तिनेच तिचे दुसरे दार लावून घेतले. सार्वजनिक शाळा वाढली की गरिबाची वाट रुंद व्हावी, हा साधा व्यवहार आहे. या नियमाने जितक्या सार्वजनिक शाळा अधिक, तितकी गरिबाची वाट अरुंद, असे उलटे गणित मांडले. आणि त्या खाजगी शाळेच्या चालकांस मात्र शेजारी सरकारी शाळा निघाल्याचा आनंद व्हावा, कारण ती निघताच त्यांची जबाबदारी सुटली. अशा नियमाखाली नव्या शाळेची मागणी कोण करील आणि कशासाठी करील, याचा विचार वाचकांनीच करावा.

परिणाम दिसावयास उशीर लागला नाही. पूर्वी अशा जागा राज्यात लाखाच्या आसपास असत व त्यांसाठी त्याहून कितीतरी अधिक आईबाप अर्ज करीत. नव्या नियमाने सरकारी व अनुदानित शाळाही यादीत धरल्यामुळे जागांची संख्या कागदावर आठ लाखांच्या वर गेली. पण अर्ज मात्र लाखाचाही पल्ला गाठू शकले नाहीत. ज्या सरकारी शाळेत मूल कोणत्याही दिवशी जाऊन नाव घालू शकते तिच्यासाठी सोडतीचा अर्ज करावयाचा कशाला, हे अक्षरशत्रू बापासही कळते. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियमास स्थगिती दिली. सोडत पुन्हा जुन्या रीतीने निघाली आणि अर्जांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी व राज्यघटनेच्या एकविसाव्या-अ कलमाशी विसंगत ठरवून रद्द केला. त्या वर्षीच्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घालण्याचे नाकारले. या दोन न्यायालयांनी महाराष्ट्राच्या गरीब पालकांवर मोठे उपकार केले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

मग निकाल लागून गेल्यावर हे रडगाणे आता कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, न्यायालय नियम रद्द करू शकते, नियमामागची बुद्धी रद्द करू शकत नाही. कर्नाटकात २०१८ च्या अखेरीस अशीच दुरुस्ती झाली होती. महाराष्ट्राने तिचाच कित्ता गिरविला. एका प्रांतात निघालेली वाट दुसऱ्या प्रांतात पोचते, एका खात्यातून काढलेली कल्पना दुसऱ्या खात्यात वेष पालटून येते. म्हणून त्या बुद्धीच्या बाजूने जे सांगितले जाते त्यास समोरासमोर उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप सुधारकांच्याच तोंडचा आहे, म्हणून तो अधिक वजनदार. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ ते १९६६ या काळात जो शिक्षण आयोग बसला होता, त्याने शेजारशाळेची शिफारस केली. एका वस्तीतील सर्व मुले, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची वा मिळकतीची असोत, एकाच शाळेत बसावीत, अशी ती कल्पना. तेव्हा आक्षेपक म्हणतात, ‘‘तुम्हीच शेजारशाळा मागता, सरकारने गरिबास शेजारच्या शाळेत जा म्हटले तर ओरड का करता?’’ या युक्तिवादात एक शब्द गाळलेला आहे, तो म्हणजे ‘सर्व’. आयोगाची शेजारशाळा वकिलाच्या मुलासही होती आणि हमालाच्या मुलासही होती. २०२४ च्या नियमातील शेजारशाळा फक्त हमालाच्या मुलास होती. वकिलाचे मूल त्याच रस्त्याने पुढे खाजगी शाळेत जाणारच होते. जी हद्द सर्वांस लागू ती व्यवस्था. जी एकासच लागू तो कोंडवाडा. उद्या सरकार म्हणेल की या वस्तीतील आमदाराचे, व्यापाऱ्याचे, मास्तराचे व मजुराचे मूल एकाच शाळेत जाईल, तर त्या दिवशी आम्ही पंचवीस टक्क्यांचा आग्रह आनंदाने सोडून देऊ.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि आमचे बरेच वाचक व्यापारी असल्याने त्यास तोच अधिक पटेल. सरकारने आपली शाळा चालवावी, तिच्या मास्तरांस पगार द्यावा, आणि शिवाय खाजगी शाळेस दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, हा दुहेरी खर्च नव्हे काय? शाळाचालकांचीही तक्रार खोटी नाही. भरपाईच्या रकमा वर्षानुवर्षे थकतात आणि ठरलेले पैसे न मिळाल्यास कोणाही दुकानदाराचा उत्साह मावळेल. परंतु उधारी थकली तर उपाय कोणता? देणे चुकते करावे हा, की गिऱ्हाइकास दुकानाबाहेर काढावे हा? सरकारने कर्ज फेडावयाचे सोडून मूल काढावयाचे ठरविले. आता सरकारी शाळा ओस का पडतात, याचा हिशेब पाहू. ज्या शाळेत चार वर्गांस दोन मास्तर, त्यातील एक निवडणुकीच्या नाहीतर गणतीच्या कामावर, तेथे मुले टिकत नाहीत. दुकानात माल नसला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. तेव्हा शहाणा व्यापारी माल भरतो, समोरच्या दुकानाची वाट अडवीत नाही. आणि येथे तर ती वाट फक्त फाटक्या कपड्याच्या गिऱ्हाइकापुरतीच अडविली होती.

या प्रश्नाकडे आम्ही वऱ्हाडच्या इतिहासातून पाहतो, म्हणून आम्हांस त्याची तळमळ अधिक वाटते. वऱ्हाडातील शिक्षणाचा इतिहास म्हणजे एका अर्थी अंतर तोडण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रांतात सरकारी हायस्कूल म्हटले की अकोला व अमरावती ही दोनच नावे पुढे येत. खेड्यातील कुणब्याच्या मुलाने मॅट्रिकपर्यंत जावयाचे म्हणजे गाव सोडावयाचे, शहरात कोणाच्या तरी ओसरीवर राहावयाचे आणि हाताने शिजवून खावयाचे. ज्याला शहरात नातलग नाही त्याची हद्द गावच्या चौथीपाशी संपत असे. ही हद्द कोणी कायद्याने आखली नव्हती, तरीही ती कायद्याहून पक्की होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचे सारही हेच होते की, सारा शेतकरी भरतो आणि त्या पैशावर शिकतात मात्र वरचे वर्ग.

हे अंतर तोडण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला त्यांत डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव वऱ्हाडात घरोघर आहे. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा शिक्षणासाठी गावोगाव फिरून अमरावतीच्या हायस्कुलात आला व पुढे विलायतेस गेला. १९२६ साली परत आल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांत श्रद्धानंद छात्रालय हे एक होते. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू व एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ सालच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीत ते होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविण्याचे अप्रिय कामही अंगावर घेतले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली व तिच्या शाळा खेड्यापाड्यांत गेल्या. या सर्व कामांचे सूत्र एकच आहे. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर छात्रालय काढा. तेवढ्याने भागत नसेल तर शाळाच मुलापर्यंत न्या. आणि आत आल्यावर कोणी कोणाशेजारी बसावे याला हद्द ठेवू नका. वऱ्हाडने ज्या रेघा दोन पिढ्या खपून पुसल्या, त्या पुन्हा आखल्या जात असता वऱ्हाडनेच स्वस्थ बसावे काय?

कारण रेघ केवळ शहरातच सरकत नाही. २०२३ साली शिक्षण खात्याने वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे ठेवली. अशा लहान शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. समूह शाळेच्या बाजूचे बोलणे आम्ही झिडकारीत नाही. सात मुलांच्या शाळेत खेळ रंगत नाही, एकाच मास्तरास सगळे वर्ग सांभाळावे लागतात, प्रयोगशाळा व ग्रंथालय हे शब्दच राहतात. मोठ्या शाळेत हे सारे मिळू शकते. परंतु ‘मिळू शकते’ आणि ‘मिळते’ यांच्यामध्ये एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरून सहा वर्षांच्या मुलास चालावयाचे आहे. मेळघाटात धारणी व चिखलदऱ्याकडे ज्यांनी पावसाळ्यात प्रवास केला असेल त्यांस नकाशावरचे तीन किलोमीटर म्हणजे काय ते सांगावयास नको. नाला चढला की शाळा बंद. शाळा आठ दिवस बंद की मूल गुरांमागे. एकदा गुरांमागे गेलेले मूल परत आणणे मास्तराच्याने होत नाही. शहरात अंतराचा आकडा दाखवून गरिबास खाजगी शाळेतून काढावयाचे आणि रानात तोच आकडा बाजूस ठेवून त्याची गावची शाळा काढून घ्यावयाची, अशी ही दुधारी गोष्ट होऊ पाहते. दोन्हीकडे रेघ सरकते ती एकाच्याच अंगावर.

शहरातही कागदी अंतर आणि पायांचे अंतर एक नसते. अकोल्याचेच पाहा. जुने शहर मोर्णेच्या एका तीरावर आणि कचेऱ्या व पेठा दुसऱ्या तीरावर, ही त्या गावाची शंभराहून अधिक वर्षांची ठेवण आहे. कंपासाने वर्तुळ काढले तर नदीपलीकडची शाळा हाताशी दिसते. मूल मात्र पुलापर्यंत जाते, पूल ओलांडते आणि उलट वळून पुन्हा तितकेच चालते. अमरावतीस पेंढाऱ्यांच्या भयाने बांधलेला परकोट आहे. त्याच्या वेशी व खिडक्या आज उघड्याच असतात, तरी जवाहर गेटच्या आतील व बाहेरील वस्तीची राहणी एकमेकींपासून निराळी आहे, हे तेथील रहिवासी जाणतो. रेघ अशा जुन्या फटीवरून नेली तर एका शाळेत एकाच जमातीची, एकाच थराची मुले भरतात आणि अधिकाऱ्यास वाटते की आपण केवळ अंतर मोजले. मुलींचा विचार केला तर हे अंतर आणखी लांबते. दारूच्या दुकानावरून जाणारा अर्धा किलोमीटर आईला उजेडातील दोन किलोमीटरांहून लांब वाटतो, आणि तिचे मोजमाप चुकीचे नसते. अहल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा जो मोफत पास मुलींस मिळतो, किंवा मानव विकास कार्यक्रमाच्या ज्या गाड्या मुलींस शाळेत नेतात, त्यांनी हेच सिद्ध केले आहे की सोय झाली तर मुलगी शिकते. पण गाडी चुकली किंवा मोडली त्या दिवशी तिची शाळाही बुडते.

इतर देशांनी या रेघेची किंमत मोजली आहे, ती आपण फुकट शिकून घ्यावी. अमेरिकेत कॅन्सस संस्थानातील टोपेका गावी लिंडा ब्राउन नावाच्या काळ्या मुलीस घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून दूरच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांचे नाव ज्या खटल्यास पडले त्यात १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून शाळा वेगळ्या करणे घटनाबाह्य ठरविले. जगभर त्या निकालाचा जयजयकार झाला. पुढे काय झाले? कायद्याने वर्णाची भिंत पाडल्यावर तीच जागा हद्दीने घेतली. पैसेवाले गोरे लोक शहर सोडून उपनगरांत गेले. डेट्रॉइट शहरातील शाळा मिसळावयाच्या तर भोवतालची उपनगरेही त्या योजनेत घेतली पाहिजेत, असा प्रश्न आला, तेव्हा १९७४ साली त्याच न्यायालयाने बहुमताने सांगितले की, उपनगरांचा दोष सिद्ध झाल्यावाचून शिक्षण जिल्ह्याची रेघ ओलांडता येणार नाही. वीस वर्षांपूर्वी जे तत्त्व जिंकले होते ते एका रेघेपाशी अडून बसले. म्हणून आम्ही म्हणतो की, समतेची घोषणा मोठ्या अक्षरांत लिहिलेली असली तरी तिचा जीव हद्दीच्या बारीक अक्षरांत असतो.

आणखी एक हद्द आहे, तिचा उच्चार केल्यावाचून हायस्कुलाविषयीचे कोणतेही बोलणे पुरे होत नाही. शिक्षणाच्या हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी, म्हणजे आठवीपाशी थांबतो. जी मुलगी सोडतीत नाव लागून खाजगी शाळेत गेली, आठ वर्षे त्या बाकावर बसली, तिला नववीच्या दारात फीचा आकडा दाखविला जातो. तिच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात जातात आणि ती जवळ कोठे हायस्कूल आहे याची चौकशी करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते अठरा वर्षांच्या मुलांचा विचार केला आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतांशी खाजगी अनुदानित संस्थांच्या हाती आहे. विदर्भात जिल्हा परिषदांची हायस्कुले अजून आहेत, ही आपली विशेष ठेव आहे. ती मोडकळीस येऊ देणे म्हणजे नववीच्या दारातील एकमेव फुकट पायरी काढून घेणे होय. नवे सार्वजनिक हायस्कूल कोठे पाहिजे असे आम्हांस कोणी विचारील तर आम्ही सांगू की, जेथे आठवी सुटलेल्या मुली सर्वांत अधिक घरी बसतात तेथे. जागा फुकट मिळाली म्हणून गावाबाहेर शाळा बांधावयाची आणि मग पट भरत नाही म्हणून रडावयाचे, ही रीत आता पुरे झाली.

आता उपाय सांगतो, कारण नुसती टीका करून बाजूस होणे आम्हांस आवडत नाही. पहिली गोष्ट, कोणतीही नवी शाळा उघडताना, जुनी मिटविताना अथवा दोन एकत्र करताना कोणत्या वस्तीवर काय परिणाम होईल याचा मराठीत लिहिलेला आराखडा महापालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या कचेरीत आधी लागला पाहिजे आणि त्यावर हरकती ऐकल्या पाहिजेत. दुसरी, अंतर पायवाटेने मोजावे. नदी, रेल्वे, मोठा रस्ता व रान ही त्यात धरावीत. तिसरी, जे मूल आज ज्या शाळेत आहे त्याचे शिक्षण तेथे पुरे होऊ द्यावे आणि धाकट्या भावंडासही तेथेच जागा द्यावी. रेघ नव्या मुलांपासून सरकवावी. चौथी, समूह शाळा काढावयाची तर गाडी आधी व कुलूप मागून. एक पूर्ण पावसाळा गाडी नीट चालल्याचे दिसल्यावाचून गावची शाळा मिटवू नये. पाचवी, आणि आमच्या मते मुख्य, सार्वजनिक शाळा निघाल्याने कोणत्याही खाजगी शाळेची गरिबांविषयीची जबाबदारी कमी होणार नाही, हे तत्त्व नियमातच लिहून ठेवावे, म्हणजे दर खेपेस पालकांस न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. या कामी हत्यार तयार आहे. कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. ती जागी केली तर कचेरीतील रेघेस गावातून उत्तर मिळेल.

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. आपण दर वर्षी मालमत्तेच्या कराबरोबर शिक्षण कर भरता. तेव्हा सार्वजनिक शाळेत आपलेही भांडवल गुंतलेले आहे. आपले मूल त्या शाळेत नाही म्हणून तिचा जमाखर्च विचारावयाचा नाही, हा कोणत्या बाजाराचा न्याय? आपल्या गोदामात पोती उचलणाऱ्याचा मुलगा आणि आपला मुलगा एका बाकावर बसले तर आपल्या मुलाचे काही बिघडेल, ही भीती मनातून काढून टाकावी. श्रद्धानंद छात्रालयाच्या पंक्तीत जेवलेल्या मुलांचे काही बिघडले नाही. त्यांतून वऱ्हाडास वकील, डॉक्टर व शिक्षक मिळाले. उलट ज्या गावात दोन थरांची मुले अठरा वर्षे एकमेकांस न पाहता वाढतात, त्या गावात ती एकमेकांस प्रथम भेटतात ती मालक व नोकर म्हणून, आणि एखाद्या वाईट दिवशी दंग्यात.

परिपत्रकातील रेघ पेन्सिलीने काढलेली असते तोवर ती पुसता येते. मुलांच्या एका पिढीवरून ती फिरली की तिची वेस होते. पुढील वर्षी आपल्या पेठेत अथवा गावी शाळेची कोनशिला बसेल तेव्हा आमच्या वाचकांनी टाळ्या अवश्य वाजवाव्यात; आणि टाळ्या थांबताच उठून एवढेच विचारावे की, या शाळेमुळे कोणाचे दार उघडले आणि कोणाचे लागले? उत्तर मिळाल्यावाचून खाली बसू नये.